८०८५ चा बोर्ड सुरूच होत नाही, किंवा मनाला येईल तेव्हा सुरू होतो: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं

• सप्लाय दिला की पॉवरचा दिवा लागतो, डिस्प्ले मात्र कोरा राहतो.
• डिस्प्लेचे सगळे सेगमेंट एकदम पेटतात किंवा अर्थ नसलेली चिन्हं येतात, आणि कुठलीही कळ दाबली तरी फरक पडत नाही.
• चालू केल्यावर बोर्ड मेल्यासारखा. रीसेटचं बटण दोन-तीनदा दाबलं की जिवंत होतो.
• बंद करून लगेच चालू केला तर उठत नाही, थोडं थांबून चालू केला तर उठतो.
• प्रोग्रॅम चालता चालता मध्येच सुरुवातीच्या संदेशावर परत येतो.
• बोर्डावर हाताने दाब दिला की चालतो, हात काढला की बंद.
• रीसेट केल्यावर रॅममध्ये भरलेला प्रोग्रॅम बिघडलेला सापडतो.

या तक्रारी मी इतक्या वेळा हाताळल्या आहेत की बोर्ड समोर आला की हात एका ठरावीक क्रमाने फिरतो. तोच क्रम इथे देते. बिनखर्चाचं आणि सोपं आधी, अवघड शेवटी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण तिच्यापायी चांगल्या चिपा कचऱ्यात जाताना मी पाहिल्या आहेत. बोर्ड बंद पडला की बरेच जण पहिल्यांदा ८०८५, म्हणजे बोर्डावरची मुख्य प्रोसेसर चिप, उपसून नवा लावतात. बोर्ड सुरू होतो आणि जुना ८०८५ जळाला होता असं ठरून जातं. खरं तर जुना काढताना आणि नवा बसवताना सॉकेटच्या चाळीस पात्या घासल्या गेल्या, त्यांच्यावरचा थर निघाला, म्हणून बोर्ड सुरू झाला. ‘जळालेले’ म्हणून काढलेले असे ८०८५ माझ्या खणात साठले होते. एके दिवशी ते एकेक करून चांगल्या बोर्डावर लावून पाहिले. एक सोडून सगळे चालले. तेव्हापासून प्रोसेसर बदलणं ही माझ्या यादीतली शेवटची पायरी आहे.

हा प्रोसेसर मागतो काय

इंटेलने ८०८५ आणला १९७६ मध्ये. आत सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर, बाहेर ४० पाय, आठ बिटांचा डेटा आणि सोळा बिटांचा पत्ता, म्हणजे ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी. त्याच्या आधीच्या, १९७४ च्या ८०८० ला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन सप्लाय लागत. शिवाय क्लॉकसाठी, म्हणजे चालीचे ठोके देण्यासाठी, ८२२४ आणि बसवरच्या, म्हणजे पत्ता-डेटाच्या सामायिक तारांवरच्या, इशाऱ्यांसाठी ८२२८ या चिपा शेजारी ठेवाव्या लागत. ८०८५ ने ती दोन्ही कामं पोटात घेतली आणि सप्लाय एकच ठेवला, ५ व्होल्टचा. नावातला शेवटचा ५ त्यावरूनच आला.

दुरुस्ती करणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. बाहेरून पुरवायच्या गोष्टी मोजक्याच उरतात: ४० आणि २० नंबरच्या पायांवर सप्लाय, १ आणि २ वर ठोक्यांचा वेग ठरवणारा क्रिस्टल, ३६ वर रीसेट, आणि रेडी, होल्ड, ट्रॅप, इंटर हे चार इनपुट आपापल्या जागी शांत. एवढं जमलं की ३० नंबरच्या पायावर, म्हणजे एएलईवर, ठोके यायलाच हवेत. मग ईप्रॉम (कायमचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) कोरी असो, रॅम मेलेली असो की प्रोग्रॅम चुकीचा असो. याला अपवाद फक्त थांबण्याच्या आज्ञेचा, आणि तो ओळखायची खूण पुढे दिली आहे.

पायांच्या टंचाईची गोष्टही लक्षात ठेवा, तिचं काम शेवटी पडणार आहे. सोळा पत्त्याच्या आणि आठ डेटाच्या अशा चोवीस स्वतंत्र तारांना जागा नव्हती, म्हणून पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा १२ ते १९ या आठ पायांवरून आळीपाळीने जातात. आधी पत्ता येतो, एएलईचा ठोका पडतो, शेजारची ७४एलएस३७३ तो पत्ता धरून ठेवते, आणि मग त्याच पायांवर डेटा येतो. एएलई नसेल किंवा ३७३ नीट धरत नसेल तर प्रोसेसर ठणठणीत असूनही भलत्याच घरातला माल उचलतो.

१. आधी डोळे, मग बोट

सप्लाय बंद ठेवा आणि बोर्ड चांगल्या उजेडात धरा. प्रत्येक चिपची खाच सॉकेटच्या खाचेच्या दिशेला आहे का ते बघा. मग बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने बघा: एखादा पाय सॉकेटच्या भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडलेला असतो, आणि वरून तो अजिबात दिसत नाही. असा पाय कधी कधी सॉकेटला बाहेरून टेकत राहतो, म्हणून बोर्ड महिनोन्‌महिने चालतो आणि एक दिवस हलवाहलवीत बंद पडतो.

आता सप्लाय द्या, मिनिटभर थांबा आणि प्रत्येक चिपला बोटाची मागची बाजू लावा. ८०८५ कोमट लागतो आणि तो तसाच लागायला हवा. मूळचा ८०८५ए जास्तीत जास्त १७० मिलिअँपिअर घेतो. अगदी गार लागला तर त्याच्यापर्यंत सप्लाय पोहोचतो का अशी शंका घ्या. एखाद्या चिपवर बोट ठेववत नसेल तर लगेच बंद करा. ती उलटी बसवली आहे किंवा आतून शॉर्ट आहे.

२. चिपा उचलून पुन्हा बसवा, पण एका वेळी एकच

माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांपैकी बरेचसे इथेच उठतात. जुन्या चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असायचा. तो हवेत काळा पडतो आणि त्या काळ्या थरामुळे जोडणी बिघडते. सॉकेटच्या पात्याही वर्षानुवर्षं गरम-गार होऊन सैल पडतात. थंडीत चालणारा आणि तापल्यावर अडकणारा, किंवा बरोबर उलटं वागणारा बोर्ड बहुतेक वेळा इथलाच रोगी असतो.

सप्लाय बंद करा. अंगातली स्थिर वीज जाऊ द्यायला आधी जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावा. चपट्या स्क्रूड्रायव्हरने चिप एका टोकाकडून थोडी, मग दुसऱ्या टोकाकडून थोडी, अशी उचला. एका दमात उपसली तर टोकाचे पाय वाकतात. पाय काळे असतील तर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून कोरडे होऊ द्या. परत बसवा, बोर्ड चालू करून बघा, मगच पुढची चिप घ्या. ईप्रॉम आधी, नंतर ३७३, मग रॅम, ८०८५ सगळ्यांत शेवटी. सगळ्या एकदम उचलल्या तर बोर्ड सुरू होईल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच बोर्ड पुन्हा टेबलावर येईल.

एकाच सॉकेटने दुसऱ्यांदा त्रास दिला तर तो बदलायचा. पातळ पातीच्या जागी गोल, कातलेल्या पिनांचा सॉकेट घाला.

३. पाच व्होल्ट, पण मोजले कुठे

सप्लायच्या टोकाशी मोजलेले पाच व्होल्ट उपयोगाचे नाहीत. मल्टिमीटरचा काळा प्रोब थेट ८०८५ च्या २० नंबरच्या पायावर ठेवा आणि लाल ४० वर. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा. सप्लायच्या टोकाशी ५.०५ आणि चिपच्या पायावर ४.६ असं मी अनेकदा मोजलं आहे. मधला फरक गंजलेल्या कनेक्टरने किंवा बारीक तारेने खाल्लेला असतो. ग्राउंडची तारही तितकीच मोजून बघा. सगळ्यांचं लक्ष लाल तारेवर असतं आणि दोष काळीत निघतो.

मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन तेच दोन पाय पुन्हा मोजा. मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, त्यामुळे सप्लाय क्षणाक्षणाला खाली डुबत असला तरी आकडा शहाण्यासारखा ४.९ दिसतो. ७८०५ रेग्युलेटर असेल तर त्याच्या इनपुटला सतत निदान ७ व्होल्ट हवेत. आधीचा मोठा कपॅसिटर वाळला की मेन्सच्या दुप्पट वारंवारतेने तो व्होल्टेज सातच्या खाली उतरतो आणि पाचचेही चार होतात. हा दोष ओळखायची एक खूण मला फार उपयोगी पडते: डिस्प्लेवर सगळीकडे ८ असतील तेव्हाच बोर्ड अडकतो, १ असतील तेव्हा नाही. सेगमेंट जास्त पेटले, करंट जास्त ओढला गेला आणि काठावर असलेला सप्लाय घसरला.

४. चार इनपुट आणि एक मल्टिमीटर

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. बोर्ड चालू, रीसेटचं बटण मोकळं. मोजताना प्रोब घसरू देऊ नका. होल्डचा ३९ नंबरचा पाय सप्लायच्या ४० ला चिकटून आहे आणि दोन्हींना एकदम टोक लागलं तर पाच व्होल्ट थेट ग्राउंडला भिडू शकतात. शक्य असेल तिथे त्याच तारेचं दुसरं टोक शोधून तिथे मोजा.

‘वर’ म्हणजे पाच व्होल्टच्या बाजूला, ‘खाली’ म्हणजे शून्याच्या. ३५ नंबरचा रेडी वर हवा. तो खाली अडकला की प्रोसेसर मेमरीची वाट बघत चक्राच्या मधोमध थांबतो. तेव्हा ३२ नंबरचा रीड कायम खाली दिसतो आणि एएलई गप्प असतो. ३९ नंबरचा होल्ड खाली हवा. तो वर गेला तर प्रोसेसर सगळी बस सोडून देतो आणि तसं ३८ नंबरच्या पायावर कळवतो. म्हणून ३८ वर कायम पाच व्होल्टच्या जवळचा आकडा दिसला तर प्रोसेसर बिघडलेला नाही, कुणीतरी त्याच्याकडून बस मागून घेतली आहे. १० नंबरचा इंटर, म्हणजे काम मध्येच थांबवायची बाहेरून येणारी विनंती, खाली हवा. रीसेटनंतर तो तसाही बंद असतो, म्हणून सुरुवातीच्या दोषात त्याचा हात क्वचितच असतो.

६ नंबरचा ट्रॅप मात्र वेगळा आहे. तो कुठल्याही आज्ञेने बंद करता येत नाही. तो आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) ००२४ या पत्त्यावर जातो. नुसत्या क्षणिक ठिणगीने तो फसू नये म्हणून त्याला चढती कड आणि नंतर टिकून राहिलेली पातळी अशी दोन्ही लागतात. वापरात नसेल तर तो ग्राउंडला बांधलेला हवा. एक नियंत्रक बोर्ड माझ्याकडे तीन वेळा आला. प्रत्येक वेळी टेबलावर तासन्‌तास चालायचा आणि जागेवर गेला की दिवसातून दोन-चारदा सुरुवातीच्या संदेशावर यायचा. तिसऱ्या खेपेला मी ६ नंबरच्या पायापासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टन्स मोजला. मीटर काहीच दाखवेना. भिंगाखाली ट्रॅकवर केसाएवढी आडवी चीर दिसली, स्क्रूच्या भोकाजवळ, जिथे बोर्ड कसताना वाकत असणार. ट्रॅप हवेत लोंबत होता आणि शेजारचा रिले तुटला की तिथे पुरेसा मोठा झटका येत होता. दोन मिलिमीटर तार टाकली आणि तो बोर्ड पुन्हा आला नाही. तेव्हापासून ट्रॅपचा रेझिस्टन्स मी सप्लाय बंद असतानाच मोजून ठेवते.

५. रीसेट

‘बटण दोन-तीनदा दाबलं की उठतो’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे असतं. सप्लाय पुरेसा वर आल्यानंतरही ३६ नंबरचा पाय निदान १० मिलिसेकंद खाली राहायला हवा, म्हणजे क्रिस्टलला स्थिर व्हायला वेळ मिळतो. हे काम एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर करतात. ७५ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड ही नेहमीची जोडी. सोबत एक डायोड असतो.

तिघांचे तीन वेगळे आजार आहेत. कपॅसिटर वाळला की त्याची क्षमता घटते, रीसेट वेळेआधी सुटतो आणि प्रोसेसर अर्धवट जागेपणी धावायला लागतो. हाताने बटण दाबलं की नीट उठतो, कारण तोवर सप्लाय आणि क्लॉक स्थिर झालेले असतात. कपॅसिटर गळका झाला तर ३६ वर व्होल्टेज पूर्ण चढतच नाही. तिथे २.४ च्या वर आकडा हवा. दीड-पावणेदोनवर रेंगाळत असेल तर प्रोसेसर कायम रीसेटमध्येच आहे आणि ३ नंबरचा रीसेट आउट वर दिसेल. आणि डायोड तुटला असेल तर बोर्ड बंद केल्यावर कपॅसिटर पटकन रिकामा होत नाही. अशा बोर्डाला लगेच चालू केलं तर रीसेट मिळतच नाही, थोडं थांबून केलं तर मिळतो. कपॅसिटर आणि डायोड दोन्ही एकदम बदला. एवढ्यासाठी सोल्डरिंग दोनदा करण्यात अर्थ नाही.

रीसेट केल्यावर रॅममधला प्रोग्रॅम बिघडतो, त्याचंही मूळ इथेच असू शकतं. रीसेट चालू असताना ८०८५ रीड आणि राइट हे दोन्ही पाय सोडून देतो. त्यांना वर ओढून धरणारे रेझिस्टर नसतील किंवा सुटले असतील तर राइटची तार लोंबकळते आणि रॅमला वाटतं, लिहायला सांगितलं आहे.

६. क्लॉक

क्रिस्टलच्या पायांवर प्रोब लावू नका. प्रोबची स्वतःची थोडी कपॅसिटन्स असते, तेवढ्यानेही चालता क्लॉक बंद पडतो, आणि कधी बंद पडलेला चालू होतो. दोन्ही वेळा तुमची दिशाभूल होते. ३७ नंबरच्या क्लॉक आउटवर बघा. क्रिस्टलच्या निम्मी वारंवारता तिथे मिळते: ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर ३.०७२. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला असतो. ३०,७२,००० ला ३२० ने भागलं की बरोबर ९,६०० येतात, म्हणजे सिरियल जोडणीचा वेग सोप्या भागाकाराने मिळतो.

सीआरओ (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नसेल तर मल्टिमीटर डीसीवर ठेवा. ठोके चालू असतील तर शून्य आणि पाच यांच्या मधलाच कुठलातरी आकडा स्थिर दिसेल. अगदी खाली किंवा अगदी वर चिकटलेला आकडा म्हणजे क्लॉक नाही. लॉजिक प्रोब (तार वर आहे, खाली आहे की ठोके देतेय ते दिव्याने दाखवणारं साधन) असेल तर आणखी चांगलं.

कुणी आधी क्रिस्टल बदलला असेल तर त्यावरचा आकडा वाचा. साध्या ८०८५ए ला ६.२५ मेगाहर्ट्झच्या वरचा क्रिस्टल चालत नाही. खालचीही मर्यादा आहे, १ मेगाहर्ट्झची, कारण आतली काही साठवण विद्युतभारावर टिकते आणि फार सावकाश चालवलं तर ती ओसरते. क्लॉक हळू करून पायरीपायरीने बघायचा विचार म्हणूनच सोडून द्या. त्यासाठी रेडीचा पाय आहे.

७. एएलई काय सांगतो

इथवर सगळं बरोबर असेल तर ३० नंबरवर ठोके आहेत का बघा. असतील तर ८०८५ जिवंत आहे, आणि पुढचा शोध मेमरीकडे वळवायचा.

नसतील तर २९ आणि ३३ हे दोन स्टेटसचे पाय मोजा. दोन्ही कायम खाली असतील तर प्रोसेसर थांबण्याच्या आज्ञेवर जाऊन बसला आहे, म्हणजे त्याने कुठूनतरी हेक्स ७६ वाचलं. रीसेट दाबल्या क्षणी एएलईवर क्षणभर हालचाल होते आणि मग शांतता पसरते, ती याचीच खूण. प्रोसेसर आज्ञा पाळतोय, आज्ञा चुकीची मिळतेय.

८. ईप्रॉम

रीसेटनंतर ८०८५ पहिली आज्ञा ०००० वरून उचलतो आणि तिथे ईप्रॉमच असते. तिची काचेची खिडकी उघडी राहिली तर इंटेलच्याच माहितीपत्रकाप्रमाणे थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत मजकूर पुसला जातो. खिडकीवर अपारदर्शक स्टिकर हवाच. पुसली जाणारी ईप्रॉम एकदम कोरी होत नाही. आधी एखादा बिट काठावर येतो, म्हणून बोर्ड कधी चालतो आणि कधी नाही.

कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळीकडे एफएफ असतं, आणि ८०८५ च्या भाषेत एफएफला अर्थ आहे: परतीचा पत्ता स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर) ठेव आणि ००३८ वर जा. तिथेही एफएफ मिळालं तर पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत एक वाचन आणि दोन लेखनं, त्यामुळे ३१ नंबरच्या राइटवर रीडच्या दुप्पट ठोके दिसतात. प्रत्येक वेळी स्टॅकवर ००३९ लिहिलं जातं आणि स्टॅक खाली सरकत जातो. ३.०७२ मेगाहर्ट्झला अशा एका फेरीला बारा ठोके लागतात, म्हणजे साधारण सेकंदाच्या आठव्या भागात पूर्ण ६४ किलोबाइटवरून हा नांगर फिरतो. बॅटरीवर टिकणारी रॅम असलेल्या बोर्डात मी पहिल्यांदा रॅम वाचते. तिच्यात ३९ ०० ३९ ०० अशी रांग लागलेली दिसली की कळतं, प्रोसेसर कधीतरी एफएफच्या खड्ड्यात पडला होता, मग आत्ता बोर्ड कितीही नीट चालत असो. अशा वेळी ईप्रॉम, तिचा सॉकेट आणि तिला निवडणारा डिकोडर या तिघांवरच लक्ष ठेवा.

चांगली प्रत हाताशी असेल तर नवी ईप्रॉम भरून लावून बघा. २७१६ या ईप्रॉमच्या बाबतीत जपा: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस२७१६ ला तीन सप्लाय लागतात, इंटेलच्या २७१६ ला वाचताना एकच. नाव सारखं म्हणून एकीच्या जागी दुसरी लावू नका.

९. फ्री रन

इथवर येऊनही बोर्ड उठला नसेल तर प्रोसेसरला मेमरीपासून तोडून मोकळा पळवायचा. त्याला प्रत्येक वाचनाला ०० द्यायचं. ०० म्हणजे ‘काही करू नकोस, पुढे जा’. मग तो ०००० पासून एफएफएफएफपर्यंत पत्ते मोजत जातो आणि पुन्हा सुरुवातीला येतो.

जुन्या ८०८० च्या सवयीने डेटाच्या तारा सरळ ग्राउंडला जोडू नका. आठवा, ८०८५ मध्ये त्याच तारांवरून पत्ताही बाहेर येतो. ग्राउंडला बांधल्या तर प्रोसेसरचे आउटपुट शॉर्ट होतील. मी २८ पायांच्या हेडरवर (चिपच्या जागी सॉकेटमध्ये बसणाऱ्या रिकाम्या पट्टीवर) एक ७४एलएस२४४ ही बफर चिप सोल्डर करून ठेवली आहे. तिचे आठही इनपुट ग्राउंडला, आउटपुट ईप्रॉमच्या डेटाच्या पायांवर, आणि १ व १९ हे दोन्ही एनेबल सॉकेटच्या २२ नंबरला. २७६४ या ईप्रॉमच्या सॉकेटमध्ये तिथे बहुधा रीडची तार येते. तुमच्या बोर्डावर तसंच आहे ना ते आधी मीटरने खात्री करा. ईप्रॉम आणि रॅम दोन्ही काढा, हे हेडर घाला, रीसेट द्या.

एका ०० ला चार ठोके लागतात, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झवर सेकंदाला ७,६८,०००. त्यावरून प्रत्येक तारेवर काय दिसायला हवं ते आधीच ठरतं. एएलईवर ७६८ किलोहर्ट्झ. पत्त्याच्या वरच्या अर्ध्या भागातली पहिली तार, ए८, पाय २१: बरोबर १,५०० हर्ट्झ. पुढची ७५०, मग ३७५, अशी निम्मी निम्मी होत शेवटच्या ए१५ वर, पाय २८ वर, सेकंदाला जेमतेम पावणेबारा फेऱ्या. ती लॉजिक प्रोबच्या दिव्यावर डोळ्यांना लुकलुकताना दिसते. ए८ ची शिटी छोट्या अॅम्प्लिफायरवर ऐकूही येते, आणि पुढच्या प्रत्येक तारेला ती एका सप्तकाने खाली उतरते. एखाद्या तारेवर आवाज उतरायच्या ऐवजी शेजारच्यासारखाच आला तर त्या दोन तारांमध्ये सोल्डरचा धागा आहे. एखादी मुकी असेल तर ट्रॅक तुटलाय किंवा पुढच्या चिपने तिला दाबून धरलंय. मग तीच तपासणी ३७३ च्या आउटपुटवर करायची: ए० ला ३८४ किलोहर्ट्झ, आणि तिथून खाली.

सगळ्या तारा बरोबर बोलल्या तर प्रोसेसर, क्लॉक, रीसेट आणि पत्त्याची बस निर्दोष. दोष मेमरीत, डिकोडरमध्ये किंवा ८२७९ सारख्या डिस्प्लेच्या चिपमध्ये. रॅम बदलून बघणं सोपं, ती आधी. डिकोडर नंतर.

आणि फ्री रनमध्ये, सप्लाय, क्लॉक, रीसेट आणि चारही इनपुट बरोबर असताना, एएलई आला नाही, तर आता ८०८५ बदला. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीचं काम याच घराण्यातल्या ८०सी८५ ने केलं. ही रचना सहजासहजी हार मानत नाही, म्हणून तिला एवढी संधी द्यायची.

थांबायचं कधी

बोर्डाचा सप्लाय स्विच मोड प्रकारचा असेल आणि दोष त्याच्या आत असेल तर झाकण उघडू नका. मेन्सच्या बाजूचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून ठेवतो. ते काम सप्लाय दुरुस्त करणाऱ्याचं आहे.

बोर्ड प्रेस, भट्टी, उचलयंत्र किंवा रुग्णाला जोडलेलं उपकरण चालवत असेल तर दुसऱ्या पायरीच्या पुढे जाऊ नका. टेबलावर चालला म्हणजे जागेवर सुरक्षित चालेल असं नाही, आणि ते तपासायची साधनं तुमच्या-माझ्याकडे नसतात. त्या यंत्राच्या जाणकार तंत्रज्ञाला बोलवा.

ईप्रॉमची दुसरी प्रत जगात कुठेच नसेल तर आठव्या पायरीच्या आधीच थांबा. प्रोग्रामर असलेल्या माणसाकडून आधी ती वाचून फाइल करून घ्या, तीनदा वाचा, तिन्ही वेळा सारखं आलं तरच विश्वास ठेवा.

८०८५ सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेला असेल आणि चाळीस पायांची चिप काढायचा सराव नसेल, तरीही थांबा. भोकांमधला तांब्याचा मुलामा उपटून आला की साधा दोष असाध्य होतो. काढायचीच वेळ आली तर जाणकार माणूस चिपचे पाय कापून ती बळी देतो आणि बोर्ड वाचवतो. करपलेला किंवा फुगलेला बोर्डही तुम्ही हाताळू नका.

बोर्ड दुसऱ्याच्या हाती देताना सोबत कागद द्या: ४० वर किती व्होल्ट, एसीवर किती, ३६ वर किती, ३५, ३९ आणि ६ कुठे, ३७ वर ठोके आहेत का, ३० वर आहेत का, २९ आणि ३३ काय दाखवतात, कुठली चिप उचलली आणि त्यानंतर काय बदललं. माझ्याकडे असा कागद घेऊन आलेल्या बोर्डाला मी थेट सहाव्या-सातव्या पायरीपासून हात घालते.